धारकास दिलेले वचन

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या वर्ध्याच्या घरी पाटावर जो पैसा मांडला जातो, त्यात तीन जिनसा दरवर्षी न चुकता असतात. एक पंचम जॉर्जचा, १९१८ सालचा चांदीचा रुपया. दुसरा १९४७ सालचा, मागच्या बाजूला वाघ असलेला निकेलचा रुपया. तिसरी जिन्नस अलीकडे या पंक्तीला येऊन बसली आहे. ती म्हणजे पाचशेची जुनी नोट. आईने ती तांदळाच्या डब्यात जपून ठेवली होती, आणि २०१६ च्या नोव्हेंबरात सारे गाव बँकेच्या दारात रांगा लावून उभे असताना नेमकी तीच तिला आठवली नाही. आठवली तेव्हा मुदत टळून गेली होती. टाकून द्यायला तिचे मन होईना. लक्ष्मी ती लक्ष्मीच, असे म्हणून तिने तिला हळदकुंकू वाहिले, आणि तेव्हापासून त्या नोटेला आमच्या घरात देवत्व आले. चलन मात्र नाही.

चांदीचा रुपया फरशीवर टाकला की असा खणखणतो की शेजारच्या खोलीतले मूल धावत येते. वजन १८० ग्रेन, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. १९४० साली ही चांदी निम्म्यावर आणली गेली, आणि १९४७ च्या रुपयात ती उरलीच नाही. नाव मात्र तेच राहिले. नोटेला तर आवाजच नाही. तिच्यावर एक वाक्य आहे. 'मैं धारक को पाँच सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ', आणि खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही. आमच्या धाकट्या पुतणीने गेल्या वर्षी विचारले, "हे वचन कोणी दिलं, आणि ते मोडलं म्हणून त्याला कोणी रागावलं का?" असल्या प्रश्नांना दिवाळीत चकली पुढे करणे हाच घरोघरीचा उपाय असतो. मीही तोच केला. पण त्या प्रश्नाने मला २००५ सालची एक भाऊबीज आठवली. त्या दिवशी आमच्या घरात वचनावरूनच वाद झाला होता. मात्र ते वचन नोटेचे नव्हते, एका राजकीय पक्षाचे होते.

माझे मामा हिंगणघाटच्या बाजूचे, चार एकर कोरडवाहू कपाशीचे धनी. भाऊबीजेला ते आजीला घेऊन आमच्याकडे यायचे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत ते पहिल्यापासून होते, आणि १९९४ साली जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला तेव्हा त्याची पत्रके सायकलवरून वाटत हिंडत होते. निवडणूक झाली की मामांचा उमेदवार पडलेला असायचा. अनामत रक्कम गेली की राहिली, एवढीच काय ती उत्सुकता. वडील थट्टेने विचारायचे, "काय हो, यंदा किती मतांनी हरलात?" मामा शांतपणे आकडा सांगायचे आणि करंजी उचलायचे.

हा पक्ष लहान का राहिला, याची चिकित्सा राजकारणाच्या अभ्यासकांनी करावी. त्याला हवे होते काय, ते मात्र सांगितले पाहिजे, कारण ते मोठे होते. त्याच्या नावातच राजाजी आणि मिनू मसानी यांच्या स्वतंत्र पक्षाची आठवण आहे. तो पक्ष १९५९ साली निघाला, १९६७ च्या लोकसभेत त्याने ४४ जागा मिळवल्या, आणि १९७४ साली तो दुसऱ्या पक्षात विलीन होऊन गेला. पंधरा वर्षांचे आयुष्य. तुटीचा अर्थभरणा बेसुमार वाढवून रुपयाचे मोल सरकारने खाऊ नये, आणि घटनेने नागरिकाला जे दिले ते घटनादुरुस्तीच्या मार्गाने काढून घेऊ नये, हा त्याच्या सांगण्याचा गाभा होता. १९५१ च्या पहिल्याच दुरुस्तीने घटनेला नववे परिशिष्ट जोडले गेले, आणि त्यात घातलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे न्यायालयात आव्हान देण्याची वाट बंद झाली. पुढे १९७८ च्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून उठला. शरद जोशींनी हेच गाऱ्हाणे शहरातल्या चर्चागृहांतून काढून कपाशीच्या वावरात आणून उभे केले. आमच्या भागात ते समजावून सांगावे लागत नव्हते. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. आपला कापूस आपल्या गाडीत घालून राज्याच्या हद्दीबाहेर नेणारा शेतकरी गुन्हेगार ठरत होता, आणि केंद्रावर माल घातल्यावर चुकाऱ्याची वाट पाहणे हा ऋतुचक्राचाच एक भाग होऊन बसला होता. चुकारा हाही वचनाचाच प्रकार. चिठ्ठी हातात, पैसे मागाहून.

मामांचे म्हणणे ते एका वाक्यात सांगत. "सरकार दोनदा लबाड बोलते, एकदा नोटेवर आन् एकदा घटनेत." वाक्य टाळी घेणारे आहे, आणि मला टाळी घेणाऱ्या वाक्यांचे थोडे भय वाटते. म्हणून त्या भाऊबीजेला मी त्यांना अडवले.

अडवायला कारण होते. त्याच वर्षी शरद जोशींनी राज्यसभेत एक खासगी विधेयक मांडले होते. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात १९८८ च्या दुरुस्तीने '२९ अ' हे कलम घातले गेले. नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाने आपल्या घटनेत असे लिहिले पाहिजे की, आम्ही भारतीय संविधानाशी आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांशी खरी श्रद्धा व निष्ठा बाळगू. त्यातला समाजवाद हा शब्द वगळावा, असे जोशींचे विधेयक होते. ते अर्थातच संमत झाले नाही. स्वतंत्र पक्षाची महाराष्ट्रातली उरलीसुरली मंडळी या शब्दावर सही करायला तयार नव्हती; ती नव्वदच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. पण मामांचा पक्ष नोंदलेला होता. म्हणजे त्याच्या कागदावर तो शब्द होता.

मी म्हणालो, "मामा, सरकार लबाड बोलते म्हणता. पण तुमच्या पक्षाने जन्मताच पहिले वाक्य खोटे लिहिले. समाजवादावर श्रद्धा आहे म्हणून. ज्याच्याशी भांडायला निघालात त्याच्याच पायाला हात लावून!"

मामा म्हणाले, "धुऱ्याचं भांडण मिटवायचं तर वावरात उभं राहा लागते, भाचेबुवा. रस्त्यावरून ओरडून धुरा सरकत नाही. तो कागद म्हणजे फाटकाची कडी. कडी काढल्याबिगर आत कसं जाता?"

ही कडीची उपमा वर्ध्याच्या माणसाने वापरावी यात एक गंमत आहे. १९३७ च्या जुलैत काँग्रेसची कार्यकारिणी वर्ध्यालाच बसली होती, आणि प्रांतांत मंत्रिपदे स्वीकारावीत असा ठराव येथेच झाला होता. लाहोरला १९२९ साली पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा केलेली माणसे विधिमंडळात जाऊन ब्रिटिश बादशहाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेत होती. कोणी त्यांना खोटारडे म्हटले नाही. का? कारण त्यांना काय हवे आहे हे शपथ घेणाऱ्याला ठाऊक होते, शपथ देणाऱ्याला ठाऊक होते, आणि बादशहालाही असावे. फसवणूक व्हायला निदान एक तरी माणूस फसला पाहिजे.

आयर्लंडच्या डी व्हॅलेराने दहा वर्षे आधी याच कोड्याशी सामना केला होता. राजनिष्ठेच्या शपथेसाठी त्याने यादवी युद्धापर्यंत मजल गाठली, आणि १९२७ साली त्याच शपथेच्या वहीत सही करून तो संसदेत शिरला. बायबल त्याने बाजूला सारले आणि ही रिकामी औपचारिकता आहे, मी शपथ घेत नाही, असे सांगत सही केली. सत्तेवर आल्यावर १९३३ साली त्याने ती शपथच कायद्यातून काढून टाकली. कडी काढून आत गेला आणि मग फाटकच उपटले. मामांना ही गोष्ट फार आवडली. पुढे दोनचार सभांत त्यांनी ती सांगितली, असे कळले. डी व्हॅलेराचे त्यांनी 'देवलेरा' करून टाकले होते.

पण मी त्यांना दुसरीही गोष्ट सांगितली, जी त्यांना तितकी आवडली नाही. चार्ल्स ब्रॅडलॉ हा इंग्रज नास्तिक १८८० साली पार्लमेंटवर निवडून आला. त्याने ईश्वराच्या शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा करण्याची परवानगी मागितली, मिळाली नाही. मग तो म्हणाला, शपथ घेतो, पण तिच्यातले काही शब्द मला निरर्थक आहेत हे उघड सांगून. यावर सभागृह संतापले. गुपचूप घेतली असती तर चालली असती! पुन्हा पुन्हा निवडून येऊनही त्याला आपल्या जागेवर नीट बसता आले ते १८८६ मध्ये. १८८८ साली त्याच्याच प्रयत्नाने प्रतिज्ञेचा पर्याय कायद्यात आला. हा माणूस पुढच्याच वर्षी काँग्रेसच्या अधिवेशनासाठी मुंबईला आला होता. आपल्या घटनेच्या तिसऱ्या परिशिष्टात 'ईश्वरसाक्ष शपथ' आणि 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा' असे दोन पर्याय आहेत. ते वाचताना मला ब्रॅडलॉ आठवतो. धर्माच्या बाबतीत आपण मनुष्याला न पटणारा शब्द उच्चारण्यापासून सोडवले, आणि अर्थशास्त्राच्या बाबतीत पुन्हा बांधून घातले.

आजी इतका वेळ वाती वळत होती. तिने मान वर न करता विचारले, "आत जायचंच कायले?"

हा प्रश्न तिचा एकटीचा नव्हता. आजी मुलगी असताना पवनारला सूतकताईला जायची. वर्ध्यापासून दोन कोसांवर, धाम नदीच्या काठी विनोबांचा परंधाम आश्रम. १९५० च्या सुमारास विनोबांनी तेथे कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. आश्रमाने पैशाचे दान घ्यायचे नाही, श्रमाने जे निघेल त्यावर राहायचे. आश्रमवासीयांनी विहीर खणली, हाताने शेती केली, भाजी पिकवली. विनोबांच्या मते पैशाचे मोठे पाप म्हणजे त्याचे बोलणे स्थिर नाही. ज्वारीचा दाणा काल जितकी भूक भागवत होता तितकीच आज भागवतो, रुपयाचे तसे नाही. तेव्हाच्या वाचकाला हे पटायला युक्तिवाद लागत नव्हता. युद्धाच्या सहा वर्षांत देशातल्या चलनी नोटा सहा पटींहून अधिक झाल्या होत्या, आणि मगनवाडीतून कुमारप्पा त्या कागदी नाण्याविरुद्ध लिहीत आले होते.

तेव्हा आजीचे म्हणणे असे की, घरातले वजनमाप खोटे असेल तर दुकानदाराशी भांडायला दुसरे दुकान कशाला काढायचे? बाजारालाच जाऊ नये. पक्ष नको, सही नको, नोटही नको. ऐकायला हे फार स्वच्छ वाटते. मामा म्हणाले, "माय, पवनारले मीठ पिकते का?" आजी हसली. मीठ पिकत नाही. विनोबा स्वतः १९५१ च्या मार्चमध्ये पवनार सोडून पायी निघाले, आणि एप्रिलात पोचमपल्लीला भूदान सुरू झाले. त्या जमिनींचे कागद सरकारदरबारीच व्हायचे होते. बाजाराबाहेर पडलेला माणूसही तलाठ्याच्या बाहेर पडत नाही.

तिसरीही एक वाट वर्ध्याने पाहिली आहे, कागदाची. येथल्या वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४६ साली स्वतंत्र भारतासाठी एक 'गांधीवादी घटना' लिहिली. गांधीजींची प्रस्तावना तिला होती. गाव हा पाया, गावाच्या पंचायतीतून वरच्या पंचायती निवडायच्या, असा तिचा आराखडा. संविधान सभेने वेगळा रस्ता घेतला, आणि हेच श्रीमन्नारायण पुढे गुजरातचे राज्यपाल झाले. म्हणजे एक घटना ज्यांनी लिहिली त्यांनी दुसरीच्या रक्षणाची शपथ घेतली. यात मला विसंगती दिसत नाही. आपण लिहिलेले हरले, दुसऱ्याचे जिंकले, आणि जिंकलेल्याची शपथ कोणाला त्याच्या मताबद्दल खोटे बोलायला लावत नव्हती. घटनेशी एकनिष्ठ राहीन असे म्हणणारा माणूस ती बदलण्याची खटपटही करू शकतो. बदलण्याची रीत घटनेतच सांगितलेली आहे.

नेमका येथे फरक पडतो, आणि तो डॉ. आंबेडकरांनी फार आधी दाखवला होता. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत के. टी. शहांनी घटनेत समाजवादी हा शब्द घालण्याची सूचना मांडली. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा असा की, समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे लोकांनी काळ पाहून ठरवावयाचे आहे. ते घटनेतच बांधून ठेवणे म्हणजे पुढच्या पिढ्यांचे स्वातंत्र्य काढून घेणे होय. हे म्हणणारा मनुष्य समाजवादाचा शत्रू नव्हता. आणि रुपयाचे दुखणे त्याच्याइतके कोणी जाणले नव्हते. त्याचा 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध १९२३ सालचा आहे. तरी १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तो शब्द उद्देशिकेत आला, आणि १९८८ साली पक्षांच्या दारावर बसला.

मला वाटते, मामांवर मी घेतलेला आक्षेप चुकीच्या पत्त्यावर गेला होता. ज्याला शब्द पटत नाही त्याच्याकडून तो वदवून घेणारा राजा स्वतःचेच नाणे हिणकस करीत असतो. समाजवाद शब्दाचे तेच झाले. साम्यवाद्यापासून कारखानदारापर्यंत सर्वांनी त्याच्यावर सही केली, आणि शब्द १९४७ च्या रुपयासारखा झाला. नाव तेच, चांदी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या नोव्हेंबरात उद्देशिकेतला हा शब्द कायम ठेवला, तेव्हा त्याचा अर्थ सांगितला तो कल्याणकारी राज्याचा, आणि खासगी उद्योगाला त्याची आडकाठी नाही असेही म्हटले. निकाल समंजस आहे. पण त्या अर्थाने मामाही समाजवादी ठरतात, आणि हे ऐकून ते काय म्हणतील याची मला कल्पना आहे.

एवढ्याने मामा सुटले असे मात्र मी म्हणणार नाही. त्या भाऊबीजेला आईने मधेच एक वाक्य टाकले, आणि वाद भलतीकडे वळला. ती म्हणाली, "पक्षाच्या वेळी कडी काढलीस, दादा. मग सोसायटीत काहून नाही काढली?"

गावोगावी पतपुरवठ्यात एक रीत चालत आली आहे, तिला 'नवे-जुने' म्हणतात. जुने कर्ज फिटले असे कागदावर दाखवायचे, त्याच दिवशी नवे दिल्याचे दाखवायचे. पैसा टेबलावरून उठतही नाही, खाते मात्र स्वच्छ होते. गावातल्या सोसायटीने मामांना हेच सुचवले होते, आणि मामांनी नाही म्हटले होते. "फेडलं नाही तर फेडलं म्हणून अंगठा काहून लावू?" ते थकीत राहिले. थकीत म्हणून नवे कर्ज बंद झाले, सावकाराच्या दारी जावे लागले, मामीच्या हातातल्या पाटल्या गेल्या. सबंध गावाला ठाऊक असलेले खोटे. तेथेही कोणी फसत नव्हते. मग दोन्हींत फरक काय?

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पक्षाचा कागद खोटा हाय, हे आमी राज्यसभेत उभं राहून सांगतलं. सोसायटीतलं सांगता येत नाही कोणाले." उत्तर बरे होते. डी व्हॅलेराचेही तेच उत्तर झाले असते. पण माझ्या लक्षात आले की मामी स्वयंपाकघरात होती आणि तिने ते ऐकले होते. सभागृहात उभे राहून सांगायला पक्षाला एक खासदार तरी मिळाला होता, तोही दुसऱ्या पक्षांच्या मतांवर. आणि राजुऱ्याहून २००४ मध्ये वामनराव चटप आमदार झाले होते, तेवढाच विधानसभेतला आवाज. पाटल्यांच्या बाजूने बोलायला कोणतेच सभागृह नव्हते.

२००८ साली केंद्राची कर्जमाफी आली. दोन हेक्टरांपर्यंतच्या थकीत शेतकऱ्याचे कर्ज पूर्ण माफ. मामा थकीत होते. त्यांचे माफ झाले. दरसाल नवे-जुने करून स्वच्छ राहिलेले शेजारी तसेच राहिले. गावात बोलले गेले की हा माणूस धूर्त, याला आधीच वास लागला होता. त्या दिवाळीला मामा आले तेव्हा वडिलांनी नेहमीची थट्टा केली नाही. मामाच म्हणाले, "खरं बोललो त्याचे पैसे भेटले, भाऊजी. आता ते खरं राहिलं का, तुमीच सांगा." तोपर्यंत त्यांनी आयुष्यभर कर्जमाफीची भीक नको, कर्जमुक्तीचा हक्क हवा, अशा घोषणा दिल्या होत्या, या दोन शब्दांतला फरक ते लहान मुलालाही समजावून सांगत. बँकेने दिलेला माफीचा दाखला त्यांनी चारदा घडी घालून खिशात ठेवला होता. तो त्यांनी आम्हाला दाखवला, आणि परत ठेवला.

शरद जोशी २०१५ च्या डिसेंबरात गेले. आजी त्याच्या आधीच गेली. मामांना आता सायकल चालवत नाही, तरी भाऊबीजेला एसटीने येतात. गेल्या वर्षी पाटावरची ती पाचशेची नोट उचलून, चष्मा कपाळावर सरकवून, त्यांनी तिच्यावरचे वाक्य मोठ्याने वाचले. पुतणीने तोच प्रश्न त्यांनाही विचारला. मामांनी तिला चकली दिली नाही. "कोणी रागावलं नाही," ते म्हणाले, "तू राग."

ती रागावली. नोटेकडे बोट दाखवून तिने चांगला दम भरला. मग आईने निरांजन लावले आणि मामांना पाटावर बसायला सांगितले.